हवेचे दहा रुपये कसले?

आज सकाळी साडेसहाला गाडी काढली ती फक्त हवा भरायला. टायर गार असतानाच प्रेशर बघायचं, म्हणून रविवारची झोपमोड. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या पहिल्या पंपावर हवेच्या मशीनवर गोणपाट टाकलेलं. दुसऱ्यावर "हवावाला नऊ बजे आएगा". तिसऱ्यावर पोरगा खुर्चीत बसून मोबाइलमध्ये. "मशीन खराब है, मॅडम." मी गाडी वळवतेय तोवर मागून टॅक्सी आली, खिडकीतून दहाची नोट बाहेर आली आणि मशीन लगेच चालू!

उतरलेच मी. पंपावर हवा फुकट द्यायची असते, दहा रुपये कसले? पोरगा तोंड वाकडं करून उठला. "तेहतीस भर" सांगितलं, तर सरसकट चाळीस भरून मोकळा. वर म्हणतो, "साब को पूछो." कुठला साब? गाडी माझी, पेट्रोलचे पैसे माझे, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरचं प्रेशर ३३ छापलंय ते मी वाचलंय! तोवर तीन पंप फिरून टायर तापलेले, म्हणजे गेजवरचा आकडाही खरा नाही. कमी करायचं तरी कशाच्या भरवशावर? स्टेपनीला तर त्यानं हातसुद्धा लावला नाही.

लिटरला शंभरच्या वर मोजतोय आपण. कापूरबावडीला सिग्नलवर ९० सेकंद दिसतायत म्हणून इंजिन बंद केलं, की मागचा हॉर्नवर बसतो. अरे, तू चालू ठेवून उडत जाणार आहेस का? हिरवा पडला की बोंबलत सुटतो, पुढे करकचून ब्रेक मारतो, आणि माजिवड्याला माझ्याच शेजारी उभा असतो.

आमच्या सोसायटीच्या गेटवर एकजण रोज मुलीच्या क्लासची वाट बघत वीस वीस मिनिटं एसी लावून इंजिन चालू ठेवतो. धूर आमच्या खिडकीत. मेहुणा गायमुखच्या उतारावर गाडी न्यूट्रल करतो, "पेट्रोल वाचतं" म्हणे. कितीदा सांगितलं, गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडायचंच थांबवतो, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला ते लागतंच. शिवाय घाटात सगळा भार ब्रेकवर. ऐकेल तर शपथ!

आणि गेल्या महिन्यातलं सर्व्हिसिंग. गाडी घेऊन निघाले तर जड, ओढतच नाही. घरी येऊन चाकांजवळ हात नेला, पुढची डावी रिम चटका बसेल इतकी तापलेली, उजवी कोमट. ब्रेक चिकटलेला! आठ दिवस फोन करत होते. उत्तर काय, "ट्रॅफिकमध्ये ॲव्हरेज कमीच येतो, मॅडम."

उद्या सहाला परत जाणार आहे त्याच पंपावर, सरळ, गार टायर घेऊन. चारही चाकं आणि स्टेपनी भरून घेणार, गेज स्वतः बघणार. दहा रुपये देणार नाही.