कॉन्ट्रा, कोनामी आणि हयातीचा दाखला

माझ्या मताला शून्य किंमत आहे, कारण लहानपणी मी चोरीचा माल खेळलो, असा निकाल परवा डोंबिवलीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात लागला. निकाल देणाऱ्याचं वय बावीस-तेवीस, अंगात मारिओचा, म्हणजे व्हिडिओ गेममधल्या टोपीवाल्या प्लंबरचा, टी-शर्ट.

मी गेलो होतो कन्व्हर्टर घ्यायला. माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला होता आणि त्याच्या पिवळ्या-पांढऱ्या पिना नव्या टीव्हीला कुठेच लागत नव्हत्या. हे दुकान मोबाईल दुरुस्त करतं, लॅमिनेशन करतं, पॅन कार्डाचे फॉर्म भरतं आणि काचेच्या कपाटात सेकंडहँड गेमही ठेवतं. मुलगा तिथे निन्टेंडो या जपानी कंपनीच्या स्विच टू या यंत्रावरच्या गेमचा एक डबा उलटसुलट करून बघत होता. मी आपलं सहज म्हणालो, "निन्टेंडो आता कॉन्ट्रासारखे गेम काढत नाही."

"कॉन्ट्रा कोनामीचा आहे, काका. ती वेगळी कंपनी."

बरं. तिथेच थांबावं ना? नाही. "तुम्ही कशावर खेळायचात?" मी सांगितलं. "म्हणजे क्लोन, निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल. म्हणजे तुमच्याकडून निन्टेंडोला एक रुपयाही गेलेला नाही. मग त्यांनी काय काढावं हे तुम्ही कसं ठरवणार?"

जावा कुठून! अरे, आम्ही काय ओरिजिनल नाकारून क्लोन घेतला होता? १९८३ साली जपानात निन्टेंडोचं फॅमिकॉम हे यंत्र आलं, १९८५ साली सुपर मारिओ हा गेम आला, आणि आमच्या गल्लीत नव्वदीत पोचली ती त्या यंत्राची बेवारस भावंडं. 'नाइन्टीनाइन थाउजंड इन वन' लिहिलेली पिवळी कॅसेट. आत खेळ मोजून सात-आठ, बाकी तेच तेच नवीन नावांनी. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची. कॅसेटला फुंकर मारू नका, ओलाव्याने पिना गंजतात, असं खुद्द निन्टेंडोचं सांगणं होतं म्हणे. सांगितलं असेल क्योटोत. आमच्याकडे फुंकर मारण्यासाठी खास वरच्या मजल्यावरच्या पोराला बोलावत. अर्ध्या तासात अ‍ॅडाप्टर इतका तापायचा की त्याला वास यायचा, आणि मग आई ओरडायची, "बंद कर, पिक्चर ट्यूब जाईल!" कुणाचीही पिक्चर ट्यूब कधी गेल्याचं मला आठवत नाही, पण गेम मात्र नेमका शेवटच्या बॉसपाशी बंद व्हायचा.

असो. मी मुलाला एवढंच म्हणालो, "विकत घेतलाही असता. पण इथे विकत होतं कोण?"

"निन्टेंडोची स्पर्धक सेगा विकत होती," तो म्हणाला. हे त्याला माहीत असावं याचाच मला जास्त राग आला. "१९९५ साली शॉ वॉलेसबरोबर करार केला होता. मेगा ड्राईव्ह हे यंत्र, अठरा हजार रुपये."

"शॉ वॉलेस? ती दारूवाली?"

हा तिसरा आवाज. मशीनमध्ये कागद अडकल्यामुळे आधार कार्ड, पासबुक आणि पेन्शनचे कागद छातीशी धरून एक गृहस्थ मघापासून ताटकळत उभे होते. हयातीच्या दाखल्याचं काम. बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त, हे त्यांनी न विचारता सांगितलं. "अठरा हजार? त्या काळात? थोडी भर घातली तर स्कूटर आली असती. कोण घेणार होतं?"

"आयात कर ऐंशी टक्के होता, सर," मुलगा म्हणाला. "तो टाळायला तर करार केला."

त्यांना सर. मला काका. नोंद घेतली मी.

झालं, गृहस्थांनी सूत्रं हातात घेतली. व्हिडिओ गेम म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं असेल असं मला वाटत नाही, पण त्याची त्यांना गरजही पडली नाही. "ही सेगा आता कुठे आहे?"

मुलाने इतिहास सांगितला. मे १९९५, लॉस एंजेलिस, सेगाचं नवं यंत्र सॅटर्न सप्टेंबरात येणार असं सगळ्यांना ठाऊक, आणि सेगाने मंचावर जाहीर केलं की आजपासूनच विक्रीला, ३९९ डॉलर. तेही निवडक दुकानांतच. त्याच दिवशी प्लेस्टेशन हे यंत्र आणणाऱ्या सोनीचा माणूस उठला, माईकपाशी गेला, "२९९" एवढंच बोलला आणि जागेवर जाऊन बसला.

"आणि बाकीच्या दुकानदारांना काहीच कळवलं नाही?"

"नाही. काहींनी नंतर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं."

गृहस्थांचा चेहरा खरोखर पडला. "डीलरला न सांगता लाँच! अशांना कर्ज देऊच नये." २००१ साली सेगाने यंत्रं बनवणं सोडलं हे ऐकून त्यांनी, आपण तेव्हाच फाईल परत पाठवली होती अशा थाटात मान हलवली.

"आणि ही दुसरी? टोपीवाल्या प्लंबरची?"

"निन्टेंडो? १८८९ ची कंपनी आहे, सर. आधी पत्ते छापायची."

"कर्ज किती?"

"जवळजवळ नाहीच. रोकड पडून आहे."

गृहस्थांनी कागद काउंटरवर ठेवले. निन्टेंडोचं वी यू हे यंत्र आपटलं, जेमतेम १ कोटी ३५ लाख विकलं गेलं, तेव्हा २०१४ साली अध्यक्ष सातोरू इवाता यांनी पाच महिने स्वतःचा पगार अर्धा घेतला, हे ऐकल्यावर त्यांनी चष्माही काढला. "स्वतःचा? अध्यक्षाने?" पुढचं यंत्र स्विच १५ कोटींच्या वर गेलं हे त्यांनी नीट ऐकलंसुद्धा नाही. ते अजून त्या अर्ध्या पगाराशीच होते.

मला वाटलं, हीच संधी. मी म्हणालो, "अहो, पण जुने गेम ते विकत देत नाहीत. वर्गणी भरायची, थांबवली की खेळ बंद. मारिओच्या तीन जुन्या गेमचा संच २०२० च्या सप्टेंबरात काढला आणि मार्च २०२१ अखेर बंद केला. डाउनलोडसुद्धा! डाउनलोडचा साठा संपतो कसा?"

"वा!" गृहस्थ म्हणाले. "गोदामाचं भाडं नाही आणि तरी टंचाई. वा!"

"थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांचं ऑनलाइन दुकान २०२३ च्या मार्चमध्ये बंद केलं!"

"तोट्यातली शाखा बंद करावीच लागते."

मग मी मुलाच्या हातातला डबा दाखवला. गेम-की कार्ड. चिप आहे, पण तिच्यात गेम नाही. ती लावायची आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. इथे मात्र गृहस्थ अडखळले. डबा हलवून बघितला. "म्हणजे डबा आहे, पण आत लाडू नाही, लाडवाची चिठ्ठी आहे?"

"हो, पण ती चिठ्ठी पुढे विकता येते, सर," मुलगा म्हणाला.

"मग हरकत नाही. हस्तांतरणीय आहे."

इथे माझं डोकं सटकलं. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत, असं २०२३ च्या तिथल्या एका पाहणीत निघालं. जिथे ही यंत्रं रीतसर विकली गेली तिथली ही कथा. उद्या कुणाला तो खेळ बघायचा असेल तर तो सापडणार कुठे? कुणीतरी कॉपी करून ठेवला असेल तिथे. चोरांकडे. ज्या कंपनीने आपल्याकडे दुकान मांडलं नाही तिचा स्विच आजही कुणाच्या तरी बॅगेतून दुबईमार्गे येतो, पावतीशिवाय, आणि तो घेणारा हा पोरगा मला इमानदारी शिकवणार! हे सगळं मी बोललो. जरा मोठ्यानेच बोललो. दुकानदार म्हणाला, "साहेब, हळू, आत लॅमिनेशन चालू आहे." लॅमिनेशनला आवाजाचा काय त्रास होतो देव जाणे.

तोवर गृहस्थ मुलाला विचारत होते, या कंपनीचा शेअर आपल्या डिमॅटमधून घेता येतो का. दोघांनी मोबाईल नंबर घेतले. त्यांची झेरॉक्स माझ्याआधी निघाली.

कन्व्हर्टर शेवटी मिळाला. पैसे देताना दुकानदाराने विचारलं, गेमबरोबर बंदूकही आहे का? आहे, मी म्हणालो, बदकं मारायच्या डक हंट गेमची.

"ती जुन्या डब्बा टीव्हीवरच चालते," तो म्हणाला. "एलईडीवर बदकं दिसतील. मरणार नाहीत."