‘एवढी साधी गोष्ट’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

माँटिचेलोच्या, म्हणजे पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनच्या व्हर्जिनियातील शेतवाडीच्या, वेगळ्या स्वयंपाकघरावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे की, ‘आग लागू नये म्हणून चूल घराबाहेर काढत, एवढी साधी गोष्ट सोडून लेखकाने तिथे गुलामगिरी शोधली, हे उंटावरून शेळ्या हाकणे झाले.’ मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र व्हर्जिनियातील एका जुन्या शेतवाडीवर तीन उन्हाळे स्वयंसेवक म्हणून मी गुडघे टेकून माती खरवडली आहे आणि पाव इंची जाळीच्या चाळणीतून चाळली आहे. तिथे उंट नव्हता. शब्द जरा जपून वापरले असते तर बरे झाले असते.

एक चूक मान्य. ज्या छोट्या दक्षिण इमारतीच्या तळघरात हे स्वयंपाकघर होते, तिचे साल मी १७७२ दिले. ते १७७० हवे. थॉमस जेफरसनने नवविवाहित पत्नीला तिथे आणले ते १७७२ मध्ये, त्यात माझी गल्लत झाली.

आता आगीकडे वळू. फेब्रुवारी १७७० मध्ये जेफरसनचे जवळच्याच शॅडवेल येथील राहते घर पुस्तकांसकट जळाले. त्याच नोव्हेंबरात तो राहायला गेला तो नेमका या स्वयंपाकघरावरच्या एकुलत्या एका खोलीत. नुकतेच घर जळालेला माणूस चुलीच्या डोक्यावर अंथरूण घालतो, हे आपल्या ‘साध्या गोष्टीत’ कुठे बसते? आगीचे भय नव्हतेच असे मी म्हणत नाही. लेखातही म्हटले नव्हते, पण त्यासाठी तो शेवटपर्यंत वाचावा लागतो. माझा मुद्दा कालक्रमाचा आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हर्जिनियातले मालक आणि करारबद्ध गोरे नोकर बहुधा एकाच छपराखाली रांधत, जेवत. आग तेव्हाही हीच होती, उन्हाळाही हाच. पुढे शेतावर राबणारे हात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे होत गेले आणि त्याच सुमारास चूल अंगणापार गेली. १७०५ मध्ये व्हर्जिनियाचा इतिहासकार रॉबर्ट बेव्हर्ली कौतुकाने सांगतो की, रांधणे-धुणे वेगळ्या इमारतींत होत असल्याने राहते घर गार आणि निर्मळ राहते. त्या वाक्यात आगीचे नावही नाही.

माझ्या आजोळी, कोकणात, गवताने शाकारलेल्या घरात चूल अगदी आतल्या खोलीत होती. तीन पिढ्या तिथे रांधले गेले, एक वासा जळाला नाही. ती आत का होती, हे सोवळ्याच्या घरात वाढलेल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. चुलीला कोणी शिवायचे यावर आपल्याकडे तिची जागा ठरे. व्हर्जिनियात चुलीशी कोण राबते यावर ठरली. आपल्याला हे दिसत नसेल तर माझा नाइलाज आहे.

‘चार शेगड्यांवरून केवढा इतिहास’ या शेऱ्यावर वेळ दवडत नाही. माँटिचेलोच्या याच स्वयंपाकघरात २०१७ च्या उत्खननात भरावाखाली विटांची मूळ जमीन आणि त्या चार शेगड्यांचे पाये सापडले. पॅरिसमध्ये पाककला शिकून आलेल्या, जेफरसनच्या गुलाम आचाऱ्याला, जेम्स हेमिंग्जला, आपले सारे कसब भाऊ पीटरला शिकवल्यावरच, फेब्रुवारी १७९६ मध्ये, गुलामीतून मुक्ती मिळाली. त्याच महिन्याच्या २० तारखेला त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली तिथल्या भांड्यांची यादी आजही उपलब्ध आहे. पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी आपण ती अवश्य पाहावी.