चालायला येता ना?

मैदानाच्या कडेच्या बाकावर बसणाऱ्या काकांनी आज सकाळी मला हात करून थांबवलं आणि विचारलं, "तुम्ही रोज चालायला येता ना?"

अकरा वर्षं धावतोय मी. अंगठ्याचं नख तीनदा काळं पडून गळलंय. आत्ताही घाम डोळ्यांत उतरत होता आणि माझ्या श्वासाचा आवाज पलीकडच्या बाकापर्यंत जात असणार.

"धावतो मी, काका."

"असं?" त्यांनी मला बुटांपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मघाशी त्या बाई तुमच्या पुढे गेल्या ना, त्या चालत होत्या. म्हणून म्हटलं."

बाई पुढे गेल्या होत्या हे खरं. फोनवर बोलत गेल्या होत्या हेही खरं.

इथे हसून पुढे सटकायला हवं होतं. धावण्याने संयम वाढतो म्हणतात. मी व्याख्येवर घसरलो. "वेगाचा प्रश्नच नाही, काका. चालताना एक तरी पाय जमिनीवर असतो. धावताना प्रत्येक पावलाला क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. ऑलिंपिकमध्ये चालण्याची शर्यत असते, तिथे पंच पायांवरच डोळे लावून उभे असतात."

"ते किती वेगात चालतात?"

"20 किलोमीटर साधारण 80 मिनिटांत."

काकांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे किलोमीटरला 4 मिनिटं. आणि तुम्ही?"

"आठ." साडेआठ म्हणवेना.

"धावत?"

त्यांना शिझो कानाकुरी सांगावा असं फार मनात आलं. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधला हा जपानी मॅरेथॉनपटू. उकाड्याने वाटेत कोसळला, एका कुटुंबाने त्याची काळजी घेतली आणि पठ्ठ्या आयोजकांना न सांगताच घरी निघून गेला. 1967 मध्ये त्याला मुद्दाम बोलावून शर्यत पुरी करायला लावली. वेळ लागली 54 वर्षं, 8 महिने, 6 दिवस, 5 तास, 32 मिनिटं आणि 20.3 सेकंद. त्या पॉइंट तीनवर माझा फार जीव आहे. पण काका त्याचंही किलोमीटरला किती ते काढत बसले असते, म्हणून गप्प राहिलो.

"गुडघे सांभाळा," ते म्हणाले.

धावणं आयुष्याचे धडे देतं असं लिहिणारे लोक बहुधा पहाटे एकटेच धावत असावेत. मला मिळालेत ते धडे बाकीच्यांबद्दलचे. चौघंजण आडवी रांग करून चालत असले आणि मागून "जरा बाजू" म्हटलं, तर चौघंही जागच्या जागी वळून बघतात. भिंत तशीच राहते, फक्त तिला चेहरे येतात. पोहणाऱ्याला कुणी काठावरून फुप्फुसांची काळजी घ्यायला सांगत नाही. माझे गुडघे मात्र सगळ्यांच्या मालकीचे. बाकावरून उठताना "आई गं" म्हणणाऱ्यांच्यासुद्धा. लंगडत दिसलो की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते मी शर्यत पुरी केल्यावर कधी पाहिलेलं नाही. आणि आठाचे सात होतील असं मला चार वर्षांपूर्वीपर्यंत वाटायचं, आता वाटत नाही. ते कळायला बाकावरच्या कुणाची गरज नव्हती.

"एक करू," काकांनी फोन काढला. "तुम्ही धावा. मी व्हिडिओ काढतो. पाय हवेत दिसले तर तुमचं खरं."

आणि मी धावलो! पन्नास मीटर, पोट आत घेऊन, गुडघे उचलत, शाळेतल्या संचलनासारखा. परत आलो तेव्हा बाकाभोवती तिघं जमले होते. काका दोन बोटांनी चित्र मोठं करत होते. पडदाभर माझा डावा बूट, सुटलेली नाडी आणि टाचेखाली माती.

"टेकलाय," एक जण म्हणाला.

"थांबा, पुढे घेतो. हे बघा! दोन्ही पाय वर!"

मी वाकून पाहिलं. खरंच, दोन्ही पाय स्वच्छ हवेत होते. बूट लाल होते. माझे निळे.

"हा मागून येणारा मुलगा हो," काका म्हणाले. "काय सुरेख धावतो! तुम्ही उद्या या परत चालायला, उजेड जरा बरा असेल."