क्विंटलभर सोयाबीनचे बूट

परवा पांदणीतून येताना माझ्या उजव्या बुटाचा तळ चिखलातच राहिला आणि मी पुढे निघून आलो. मागून तिसरीतला एक पोरगा ओरडला, "गुर्जी, तुमचा खालचा भाग राह्यला!" शेजारच्या वावरात सोयाबीन सोंगणाऱ्या बायांचे विळे थांबले. त्यांतली एक काय म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं, पण मी ते इथे लिहिणार नाही.

जिल्हा परिषदेच्या मास्तरला डोंगर चढायचे बूट हवेत कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम अंगावर पडलेला मास्तर होऊन एकदा यादी घेऊन फिरावं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एक गाव म्हणजे नुसतं गाव नसतं. गाव, मग तांडा, मग टेकडीपलीकडचं कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती, आणि या सगळ्यांना जोडणारा रस्ता बहुतेक कागदावर. काळी माती पावसात पायाला अशी धरते की घरी पोचेपर्यंत अर्धं वावर सोबत येतं, आणि उन्हाळ्यात तीच माती अशी भेगाळते की घोटा मुरगळल्याशिवाय सोडत नाही. त्यात गवतात घोणस. म्हणून घोट्याच्या वर येणारे, जाड तळाचे बूट घेतले. ५४०० रुपये. हा आकडा पुढे माझ्या अंगाशी येणार आहे.

बायकोनं निकाल लगेच दिला. "नवीन घ्या नाहीतर चपला घाला, पण ते भिजलेलं प्रेत दारात ठेवू नका." ज्या दुकानातून घेतले त्याला फोन केला, तर तिकडचा मुलगा आधी हसला. "सर, हे रिपेअर होत नाहीत. आता नवं मॉडेल आलंय, सहा हजार नऊशे." वॉरंटी कधीच संपलेली. वरचं चामडं ठणठणीत, टाके जागच्या जागी, नाडीच्या कड्यासुद्धा शाबूत, आणि हा मला फेकून द्यायला सांगतो.

तर मी बूट पिशवीत घालून दारव्ह्याच्या बाजारात गेलो. तिथे निंबाखाली एक दादा बसतात. पुढ्यात तीन पायांची लोखंडी ऐरण, आरी, रापी, सुलोचनचा, म्हणजे चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणि मागे जुन्या ट्रॅक्टरच्या टायरचे कापलेले तुकडे. दादांनी तळ हातात घेतला, मधल्या थरात अंगठा दाबला, आणि तो थर राजगिऱ्याच्या लाडवासारखा भुसभुशीत होऊन त्यांच्या मांडीवर सांडला.

"हा आतून मेला, गुर्जी. चिकटवून काय करता?"

नंतर मला कळलं की हा प्रकार सगळीकडे होतो. असल्या बुटांच्या मधल्या थरात पॉलीयुरेथेन असतं. हवेतला ओलावा त्याला आतून तोडत जातो, उष्णतेत आणखी लवकर. वापरा किंवा पेटीत जपून ठेवा, काही वर्षांत भुगा ठरलेलाच. आमच्याकडे चार महिने दमट आणि मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी, म्हणजे त्याला आजोळच. खोक्यावर गिर्यारोहकाचं चित्र छापतात, हे एक वाक्य छापत नाहीत.

आता आबाजी. हे गृहस्थ त्या निंबाखाली का बसतात ते कुणालाच माहीत नाही. त्यांना शिवायचं काही नसतं. पायात प्लास्टिकचे पावसाळी बूट. आजवर त्यांनी तिथे एक पैसा खर्च केल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

"कितीचे होते, गुर्जी?"

मी खोटं बोलायला हवं होतं. पण शिक्षकी सवय. "पाच हजार चारशे."

आबाजींनी विडी विझवली. कानामागे ठेवली. मग दादांकडे वळून, जणू मी तिथे नाहीच अशा आवाजात म्हणाले, "क्विंटलभर सोयाबीन."

"काय?"

"२०२५ च्या हंगामाचा हमीभाव ५३२८ नं? म्हंजे क्विंटलभर सोयाबीन तुमी पायात घालून फिरून रायले. पन्नास किलो या पायात अन् पन्नास किलो थ्या पायात."

दोन भाजीवाल्या हसल्या. मी म्हटलं, आबाजी, जोड आहे, टिकाऊ आहे.

"टिकाऊ हाये म्हून त तळ हातात घेऊन आले."

मग त्यांची गाडी हमीभावावरून घसरली. "अन् ५३२८ कुठी भेटते? सरकारच्या कागदावर. माहं सोयाबीन व्यापाऱ्यानं चार हजारानं मागतलं. ओल हाये म्हने. सरकारी खरेदीत नेलं तरी थेच, बाराच्या वर ओल हाये म्हने. पानी वरून पडते तं ओल माह्या बापानं घातली का?" थोडं थांबले. बोटांवर काहीतरी मोजलं. "मंग चार हजारानं धरलं त तुमचे बूट सव्वा क्विंटलच्या बी वर गेले, गुर्जी."

हसू माझ्याच तोंडावर जिरलं. कारण हिशेब बरोबर होता. पोत्यामागे कापला गेलेला त्यांचा पैसा आणि माझ्या बुटांच्या भुग्यातला पैसा यांत तसं काही नातं नाही, पण आबाजींनी ते जोडून टाकलं आणि मला आजतागायत सोडवता आलेलं नाही. राग त्याचाच आहे. एक माणूस दुसऱ्याच्या फाटक्या बुटावर बसून स्वतःचं दुःख सांगतो आणि ऐकणाऱ्याला बुटासाठी रडायची सोयसुद्धा ठेवत नाही!

मी विषय बदलायला शकुंतला काढली. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आमची नॅरोगेज. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं आणि १९९४ पर्यंत चाललं. मी म्हटलं, पूर्वी वस्तू अशा बनायच्या. आबाजी म्हणाले, "थे इंजन दुरुस्त कराले मानूस ठेवला होता. तुमच्या बुटाले कोन हाये?" आणि शकुंतला आता बंदच आहे, ब्रॉडगेज होणार म्हणून कधीपासून ऐकतोय, हेही त्यांनी मला ऐकवलं, जणू मीच ती थांबवली.

दादा इतका वेळ माप घेत होते. म्हणाले, भुगा सगळा खरवडून काढतो, टायरचा तळ लावतो, सुलोचन लावून कडेनं शिवूनही देतो. उजव्याचे दोनशे. डावाही करून घ्या, तोही जाईल. मला हे पटलं. दोन्ही करायचे तर पैसे थोडे कमी करा, असं मी म्हणणार एवढ्यात आबाजी मध्ये पडले. मला वाटलं, माझ्या बाजूनं.

"दोनशे कायले घेऊन रायला बे? गुर्जी पाच हजाराचे बूट घालते. सातवा आयोग खाल्ला, आता आठवा येऊन रायला त्याइले. चारशे घे एकाचे!"

दादा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग चारशेच म्हणाले. बाजारात उलटी घासाघीस मी पहिल्यांदाच पाहिली, आणि तीही माझ्याच खिशाची. शेवटी एकट्या उजव्याचे चारशे ठरले. डावा तसाच ठेवला, अर्धा तत्त्व म्हणून आणि अर्धा चिडून.

टायरचा तळ मस्त बसला. जरा जाड आहे, त्यामुळे उजवा पाय बोटभर उंच पडतो आणि शाळेत फळ्याकडे जाताना मी किंचित डावीकडे झुकतो. पोरांनी हे टिपलेलं आहे.

चहा आबाजींनी मागवला, पैसे मी दिले. फुर्रकन घोट घेऊन ते माझ्या बुटाकडे बघत म्हणाले, "चारशे गेले नं, गुर्जी? एवढ्यात त नवा जोड आला असता."