हिशोब दाखवायला लाज कसली?

सकाळी चहा घेता घेता फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला. 'व्हिएन्नातली ती अणुऊर्जा संस्था म्हणजे अमेरिकेची चाकर. भारताने लाथ मारून बाहेर पडावं.' खाली धडाधड अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या चुलतभावाचा, जो माझ्यासोबत तारापूरच्या अणुऊर्जा कॉलनीत वाढला! डोकंच फिरलं.

बाबा तारापूरला होते. त्याच संस्थेचे, म्हणजे आयएईएचे (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) तपासनीस अणुइंधन बॉम्बकडे वळत नाही ना हे बघायला आले, की बाबांना घरी यायला उशीर व्हायचा. वापरलेलं इंधन खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात. ते मोजायचं, सील बघायची, कॅमेरे तपासायचे. एकदा हॉलमधले दिवे मालवले आणि पाण्याखाली निळा उजेड दिसला, हे बाबा दर दिवाळीत नव्याने सांगायचे. सोबतचे काहीजण कुरकुरायचे, परका माणूस येऊन आपला माल मोजतो म्हणजे काय! बाबांचं उत्तर ठरलेलं, "मोजू दे की. एक तरी कमी भरला का?"

चाकर म्हणे! मार्च 2003 मध्ये याच संस्थेचे प्रमुख एल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत अमेरिकेसमोर सांगितलं, की इराकने अणुकार्यक्रम पुन्हा सुरू केल्याचा पुरावा सापडलेला नाही. त्याच महिन्यात इराकवर अमेरिकेचे बॉम्ब पडले. मालकाला नको ते तोंडावर सांगणारा हा कुठला चाकर? (1991 च्या आधी सद्दामचे छुपे उद्योग यांना कळले नव्हते. बरं, मान्य.)

आणि बाहेर पडा म्हणजे? 1994 ला बाहेर पडला उत्तर कोरिया. त्याच्या पंगतीत बसायचंय का आपल्याला? संस्था 1957 साली निघाली तेव्हापासून आपण आत आहोत. नियम ठरत होते तेव्हा होमी भाभा तिथे वाद घालत होते, की बडे देश मोकळे आणि बाकीचेच तपासणीखाली, हे चालायचं नाही. भांडले, पण आत बसून भांडले.

रागवायचंच असेल तर त्यावर रागवा ना! अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स या पाच बड्यांकडची तपासणी आजही त्यांच्या मर्जीने. 1974 च्या पोखरण अणुचाचणीनंतर तारापूरचं इंधन अमेरिकेने अडवलं, शेवटी 1982 मध्ये फ्रान्सकडून सोय झाली. मधल्या काळात इंधनाची मारामार, पण तपासणी चालूच. बाबा तेव्हाही तेच, "आपला हिशोब चोख ठेवायचा." मला तेव्हा पटायचं नाही. खरं सांगू, आजही पूर्ण पटत नाही. समोरच्याने शब्द मोडायचा आणि आपण टाकी उघडून दाखवायची?

पण 2008 मध्ये अणुपुरवठादार गटाने, म्हणजे अणुइंधन आणि तंत्रज्ञान विकणाऱ्या देशांच्या गटाने, आपल्याला अणुव्यापाराची सूट दिली, ती याच संस्थेने आपल्या तपासणी कराराला मंजुरी दिल्यावर. तारापूरसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं कुणीतरी मुकाट्याने मोजून दिलं होतं, ते तेव्हा उपयोगी पडलं असं मी तरी मानते.

ट्रॉम्बेत तयार झालेलं भाभाट्रॉन, म्हणजे कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र, भारताने याच संस्थेमार्फत व्हिएतनामला दिलं. हे कुठल्या फॉरवर्डमध्ये येतं का? नाही येत, कारण त्यात कुणाला लाथ मारायला मिळत नाही.

दादा, वयाने मोठा आहेस म्हणून ग्रुपवर बोलले नाही. तो अंगठा काढ आणि रविवारी जेवायला ये. आईला बोंबील आणायला सांगितलेत, भांडण जेवल्यावर करू.