हातचा एक

पालकसभेत मी एकच वाक्य बोललो होतो. "तिसरीला असतं काय एवढं, पाढे नि वजाबाक्या." बाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मग या की आठवडाभर, मदतीला माणूस हवाच आहे." रजा शिल्लक होती, ती लॅप्स होणार होती, आणि बायको शेजारीच बसलेली होती. म्हणजे सगळे रस्ते बंद.

लेकीने आदल्या रात्रीच अटी घातल्या. "बाबा, वर्गात मला हाक मारायची नाही. आणि जोक तर अजिबात सांगायचे नाहीत."

सोमवारी पहिला प्रॉब्लेम खुर्चीचा. ती तिसरीतल्या माणसाच्या मापाची. बसलो की गुडघे कानाशी येतात आणि उठायचं तर आधी गुडघ्यावर यावं लागतं, ते बघायला पहिल्या दिवशी निम्मा वर्ग जमला होता. मला काम दिलं होतं बिया वाटायचं. प्रत्येकाला एक काचेचा ग्लास, आत ओला कापूस, आणि काच नि कापसाच्या मधे राजम्याची बी, म्हणजे आत काय चाललंय ते बाहेरून दिसतं. एक ग्लास माझाही, वर माझ्या नावाची चिठ्ठी. मग अठ्ठावीस मुलांनी अठ्ठावीस वेळा विचारलं, "काका, कधी उगवणार?" मी प्रत्येकाला "दोन-तीन दिवसांत" म्हणालो, आणि पाच मिनिटांनी पहिला पोरगा परत आला, "झाले का दोन दिवस?"

मंगळवारी वजाबाकी. फळ्यावर १०३ वजा ५७. हे मला येतं. सरळ उभा राहिलो आणि सुरू केलं, तीनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या घरातून एक उसना घ्यायचा. शेजारी शून्य. पहिल्या बाकावरची दोन वेण्यांवाली म्हणाली, "काका, त्याच्याकडेच काही नाही, तो काय देणार?" बरोबर आहे. मी म्हटलं, मग तो त्याच्या शेजाऱ्याकडून, म्हणजे शंभराकडून घेतो आणि आपल्याला देतो. "मग परत कधी करायचा?" हा चष्मेवाला. मी म्हटलं, परत नाही करायचा. वर्गात शांतता पसरली. उसना घेऊन परत न करणारा माणूस बघायची त्यांची पहिलीच वेळ असावी. मी चाळीस वर्षं हा उसना एक घेत आलोय, एकदाही हा प्रश्न पडला नव्हता, आणि लहानपणी कुणाला पडला असता तर त्याला बाकावर उभं केलं असतं.

बाई मागून म्हणाल्या, "काड्या घ्या." त्या काड्या म्हणजे भारी प्रकार आहे. दहा काड्यांना रबर लावला की एक दशक, आणि असे दहा गठ्ठे मोठ्या रबरात बांधले की शतक. मोठा रबर काढला, दहा गठ्ठे मोकळे झाले. त्यातला एक सोडला, बाकी राहिले नऊ गठ्ठे आणि सुट्या दहा काड्या, त्यात आधीच्या तीन मिळवल्या की तेरा. म्हणजे उसनंबिसनं काही नाही, आपलीच नोट आपणच सुटी करून घेतली, परत कुणाला द्यायची? मला इतकं बरं वाटलं की मी एक काडी हातात धरून छडीसारखी फळ्यावर आपटत पुढचं समजावून सांगितलं. तेरातून सात गेले सहा, नऊ गठ्ठ्यांतून पाच गेले चार, उत्तर सेहेचाळीस. मुलांनी काड्या मोजल्या. पंचेचाळीस.

परत मोजल्या. पंचेचाळीस. खाली शोधल्या, बाकांखाली शोधल्या, एकाच्या दप्तरात शोधल्या (त्याच्यावर वर्गाचा कायमचाच संशय असतो, बिचारा). मग कुणीतरी म्हणालं, मतदान घेऊ. सेहेचाळीसला सहा मतं, पंचेचाळीसला बावीस. कारण असं की काका चुकू शकतात, काड्या चुकू शकत नाहीत. त्या सहातही माझी लेक नव्हती.

बुधवारी भाषेचा तास. एक मोठा कागद देऊन बाईंनी मला पोस्टर लिहायला बसवलं, नळाच्या वर लावायला. मी मार्करने ठसठशीत लिहिलं, "पाणि जपून वापरा". शेवटचा रफार, हॅ, रफार कसला, वेलांटी, मी पहिली दिली, दुसरीऐवजी. आठ वर्षांचा मुलगा माझ्या खांद्यापाशी येऊन म्हणाला, "काका, शेवटची वेलांटी दीर्घ असते. आणि, नि असे थोडेच लहान." ऑफिसात मी दिवसभर मेल लिहितो आणि हे माझ्यापर्यंत कधी पोचलंच नाही. मी विचारलं, मग 'आणि' लहान का रे? तो म्हणाला, "त्याच्यापुढे अजून काहीतरी यायचं असतं ना, त्याला घाई असते." व्याकरणात याचं कारण काय दिलंय त्याचं मला आता काही घेणंदेणं नाही, मी हेच धरून चालणार.

कागद फाडणार तेवढ्यात बाई आल्या, वाचलं, आणि हसून म्हणाल्या, "राहू दे. पाणि म्हणजे हात." म्हणजे पोस्टरचा अर्थ झाला हात जपून वापरा, आणि मधल्या सुट्टीत नळावर जी धक्काबुक्की चालते ती बघता वर्गाला त्याचीच जास्त गरज होती. नळाच्या वर तेच लावलंय.

गुरुवारी ग्रहमाला. मी उत्साहात नऊ ग्रह म्हणून टाकले. अख्खा वर्ग एका सुरात, "आठ!" प्लुटोला २००६ साली ग्रहांतून काढून बटुग्रह केलं, हे मला अर्थात माहीत होतं, पण तोंडाला कुठे माहीत होतं. "काका, तुम्ही शाळेत होता तेव्हा तो होता?" होता. "म्हणजे तुम्ही खूप जुने आहात." पुढच्या तासाला मी कोपऱ्यात बसून पेन्सिलींना टोक काढलं. ते काम मला जमतं.

शुक्रवारी बिया. जवळजवळ सगळ्यांच्या ग्लासात पांढरं मूळ बाहेर आलेलं, काहींचा हिरवट आकडाही वर यायला लागलेला. एकीने बी उलटी लावली होती, तिचं मूळ आधी वर निघालं आणि मग वळण घेऊन बरोबर खाली गेलं, खाली कुठे हे त्याला गुरुत्वाकर्षणामुळे कळतं म्हणे. एकाने ग्लास दप्तरात अंधारात ठेवला होता, त्याचीही उगवली, कारण फुटायला तिला उजेड लागत नाही, पाणी, हवा आणि ऊब पुरते. मी माझा ग्लास उचलला. पाच दिवस मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यात मनापासून पाणी घालत होतो. बी फुगून काळपट झालेली, नि वास. सगळे बघायला आले. दोन वेण्यांवालीने ग्लास नाकापर्यंत नेला, लांब केला आणि निदान सांगितलं, "काका, ती बुडाली. तिला श्वास घ्यायला हवा लागते." मग माझा चेहरा बघून दयेने, "माझीचा फोटो काढा हवं तर."

घरी येताना लेक पहिल्यांदाच आपणहून बोलली. "बाबा, तू तसा ठीक होतास."

रविवारी बायकोने मशीन लावायच्या आधी माझ्या शर्टाचे खिसे तपासले आणि मंगळवारच्या शर्टाच्या वरच्या खिशातून एक काडी काढून टेबलावर ठेवली. लेकीने ती काडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"परत करायची," ती म्हणाली. "आणि सगळ्यांसमोर."

बाईंना मेसेज टाकलाय, सोमवारी पाच मिनिटांसाठी येतो म्हणून. त्यांचं लगेच उत्तर आलं, "या. भागाकार सुरू करतोय."