'मागे' कुठे आहे?

वीजजोडणीवरचे नाव बदलण्यासाठी परवा एका संकेतस्थळावर अर्ज भरायला बसलो आणि सात पानांच्या त्या अर्जाच्या पाचव्या पानावर पोचल्यावर पहिल्या पानावरचा पिनकोड चुकल्याचे लक्षात आले. तळाशी 'पुढे', 'जतन करा', 'रद्द करा' आणि 'सबमिट' ही चार बटणे एकाच निळ्या रंगात खांद्याला खांदा लावून उभी होती; 'मागे' मात्र कुठेच नव्हते. नाइलाजाने ब्राउझरचा बाण दाबला, तर 'आपले सत्र संपले आहे' असे सुनावून त्या यंत्रणेने मला पुन्हा ओटीपीच्या दारात उभे केले. वर लाल अक्षरांत सूचना होतीच: 'कृपया बॅक किंवा रिफ्रेश बटण वापरू नये.' म्हणजे दोष माझाच!

वापरणाऱ्याला चुकीतून परतण्याची वाट हवी, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी १९९४ मध्येच पडद्यावरच्या रचनेच्या आपल्या दहा तत्त्वांत मांडले होते. माहिती स्वीकारल्यावर सर्व्हरने ब्राउझरला दुसऱ्या पत्त्याकडे वळवले, की रिफ्रेश केल्याने तीच माहिती दुसऱ्यांदा पाठवली जात नाही, ही युक्तीही जुनीच आहे. एकाच प्रक्रियेत भरलेली माहिती पुन्हा टंकायला लावू नये, असे २०२३ ची डब्ल्यूसीएजी २.२ ही, संकेतस्थळे अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात.

पुन्हा लॉगिन केल्यावर स्वागताची सफर सुरू झाली. प्रत्येक बाण एकेक बटण दाखवत होता, अर्ज झाकत होता आणि 'समजले' दाबल्याशिवाय हलत नव्हता. सहा वेळा दाबले. पिनकोड अजून चुकीचाच आहे.